पाकोळीचा सांगावा

दूध आणायला मी खाली वाडीत गेलतो, तिथून सांगतो. त्याच्या आधीचं सांगण्यासारखं काही नाही. दिवस रोजच्यासारखाच उगवला होता आणि रोजच्यासारखाच कलत होता. दोन हजार सहा साल असावं, उसाला नुकता कोयता लागलेला.

जोतिबाच्या डोंगरामागं, कोडोलीकडं उतरणाऱ्या वाटेवर एक माळ आहे. त्या माळावर कॉलेजातल्या श्रीशैल सरांनी दुर्बिणीची जागा केली होती. खाली एक खोली, वर पत्र्याचा गोल घुमट, मधे लोखंडी शिडी. तिथली राखण माझ्याकडं होती. झाडलोट करायची, गुरं हाकलायची, कोणी आलं तर चहा ठेवायचा. मला अक्षरओळख नाही, पण त्या कामाला ती लागतही नव्हती.

सरांच्या हाताखाली शिवलीला म्हणून एक मुलगी शिकत होती. गडहिंग्लजकडची. कोडोलीत खोली घेऊन राहायची आणि स्कूटीवरून वर यायची. कपाळाला विभूतीची पट्टी, गळ्यात लिंग, आणि तोंड कसं ते अखंड चालू. पहिल्याच दिवशी माझी आमटी चाखून म्हणाली, "आबा, तुम्ही आमटीत मीठ टाकता का मिठात आमटी टाकता?" मला एकट्या माणसाला अशी चेष्टा करणारं कोणी राहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. तेव्हापासून मी तिला लीला म्हणायला लागलो.

तिथलं काम काय, तेही तिनंच समजावून सांगितलं. लांब, अगदी कल्पनेच्या पलीकडं लांब, एखादा थोराड तारा मरतो. मरताना एक असला उजेड फेकतो, की तो आपल्या डोळ्याला दिसत नाही आणि आपल्या हवेतून खालीही उतरत नाही. म्हणून अमेरिकेवाल्यांनी आभाळातच एक दुर्बीण सोडली होती, पृथ्वीभोवती फिरणारी. तिचं नाव पाकोळी पाखरावरून ठेवलेलं, कारण ती पाकोळीसारखी गर्रकन वळते. तिला तो उजेड लागला की ती तिकडं तोंड करते आणि खाली सगळ्या जगाला निरोप धाडते, की अमक्या जागी बघा, आणि लवकर बघा. कारण तारा गेला तरी त्याची धग थोडा वेळ मागं राहते. तेवढीच काय ती जमिनीवरच्या दुर्बिणीतून दिसायची, आणि तीही बघता बघता विझते.

निरोप लीलाच्या मोबाईलवर यायचा आणि त्याच वेळी इथल्या कॉम्प्युटरवरही. सरांनी कॉम्प्युटरला एक घंटी जोडून दिली होती. ती वाजली की मी पांढरा दिवा घालवून तांबडा लावायचा, वर जाऊन चाक फिरवून घुमटाचं झाकण सरकवायचं आणि दुर्बिणीवरचं कापड काढायचं. तोवर लीला पोचायची. दिवा तांबडा का, तर पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात आणि मग अंधारातलं काही दिसत नाही.

मी एकदा तिला विचारलं, की हा तारा मेला कधी. म्हणाली, "लई वर्सं झाली, आबा. तवा माणूस न्हवता की आपला डोंगर न्हवता. उजेड चालत आला, त्यो आज पोचला."

मग हा सांगावाच झाला की, असं माझ्या मनानं घेतलं. आमच्या भावकीत लांबचं कोणी गेलं आणि बातमी फार उशिरा कळली, तर सुतक धरत बसत नाहीत. ऐकलं की अंगावर पाणी घ्यायचं. गेलेल्याचा मान राहिला, तोही सुटला आणि आपणही मोकळे. तर मीही घंटी वाजली आणि वरचं काम उरकलं की उंबऱ्याबाहेर जाऊन पायांवर तांब्याभर पाणी ओतायचो. लीला पोट धरून हसायची. विचारायची, की हा तारा तुमच्या भावकीतला का पाहुण्यांतला. मी म्हणायचो, कुणाचा तरी असंल की. मग ती सांगायची, "आमच्यात सुतक नसतंय, आबा. गेला त्यो शिवाकडं गेला, त्याचा इटाळ कसला?" मी पाणी घेतलं तर ती हसायची, पण घ्या म्हणून ती कधी म्हणाली नव्हती. हे ध्यानात ठेवा.

तर त्या दिवशी दूध घेऊन वर आलो तेव्हा सूर्य बुडाला होता. खाली रानात कुणीतरी पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर वर येण्याऐवजी जमिनीला धरून बसला होता. पलीकडच्या गुऱ्हाळाचा गोडूस वास त्यात मिसळलेला. वाट दिसत नव्हती, नुसते उसाचे शेंडे तेवढे धुरावर तरंगत होते. मी चरवी स्टोव्हजवळ ठेवली आणि घंटी वाजली.

दिवा बदलला. वर गेलो. ते झाकणाचं चाक गंजून गंजून असं कुरकुरायचं, की ते फिरत असताना खाली ट्रॅक्टर येऊन उभा राहिला तरी कळू नये. झाकण सरकलं, चांदण्यांची एक पट्टी घुमटात उतरली. मी कापडाची घडी केली, शिडी उतरलो, आणि पाठ वळवली तर शिडीच्या पायथ्याशी लीला उभी.

"उघडलं, आबा?"

"उघडलं की. आज लई लवकर आलीस गं."

तांबड्या उजेडात सगळंच काळं नाहीतर तांबडं दिसतं, त्यामुळं तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. ओढणीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. वाटेत काय झालं, म्हणून मी विचारलं. "वाटंत..." एवढंच म्हणाली आणि शिडी चढून वर गेली.

मी दूध तापत ठेवलं. मन मात्र कुठंतरी खुटखुटत होतं, आणि कशानं ते लवकर उमगेना. मग उमगलं. ती शिडी पोकळ नळ्यांची. मांजर चढलं तरी वाजायची. आत्ता ती वाजलीच नव्हती.

वर यंत्र घुरघुरलं. घुमट फिरला, थांबला. दुर्बीण वळल्याचा आवाज आला. काम तर रोजच्यासारखंच चाललं होतं. मी स्वतःला समजावलं, की म्हातारपणी कान जातात. पण वरून एक वास उतरत होता. ओढ्याच्या तळाचा, चिखलाचा, पाण्यात कुजलेल्या उसाच्या पाल्याचा. लीला आली की आधी विभूतीचा वास यायचा, कोरडा, देवळासारखा. तो आज नव्हता.

"आबा..."

"काय गं?"

"पानी घेतलं न्हाई तुमी."

माझा हात स्टोव्हवरच राहिला. दूध वर यायला लागलं होतं, ते मी बघत होतो, पण हात हलेना.

"घेतो की," मी म्हणालो. "गडबड कशाची?"

"सांगावा आलाय न्हवं... पानी घ्या. मग सुटंल."

"काय सुटंल, बाळ?"

दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला. त्या अंधारलेल्या तांबड्या उजेडात वरून आवाज आला, लीलाचाच, पण घशात पाणी असल्यासारखा.

"अडकलंय ते..."

मी तांब्या भरला. खोटं कशाला बोलू, घाबरून भरला. वरच्या आवाजाचं ऐकावं, पाणी ओतावं, म्हणजे ती जे काही आहे ते निघून जाईल, असं वाटलं. उंबऱ्याबाहेर गेलो, वाकलो, तांब्या तिरका केला. आणि समोर अंगण दिसलं. रिकामं. लीला स्कूटी नेहमी कडुनिंबाला टेकवून लावायची. तिथं कडुनिंब होता, स्कूटी नव्हती.

पाणी तांब्याच्या काठाला येऊन थांबलं.

ताऱ्याचं पाणी मी आजवर बेफिकीर ओतत आलो होतो. पण हा सांगावा कुणाचा? वर जी बसली आहे, ती माझ्याकडून कुणाचं पाणी मागते आहे? हे पाणी सोडलं म्हणजे मी म्हटल्यासारखंच झालं, की लीला गेली. आमच्यात तसंच असतं. पाणी घेईपर्यंत माणूस पुरतं गेलेलं नसतं आणि घेतलं की ते परत येत नाही.

मी अडाणी माणूस, पण त्या पोरीनं शिकवलेलं डोक्यात होतं. जे दिसतं ते उशिरा पोचलेलं असतं, जिथून निघालं तिथं काहीच उरलेलं नसतं. तसं असेल तर सगळं संपलंच होतं. पण तिनं दुसरंही सांगितलं होतं, की धग मागं राहते. लवकर बघा.

मी तांब्या भरलेलाच उंबऱ्यावर ठेवला. बॅटरी घेतली आणि वाटेला लागलो. चार पावलं गेलो असेन, तर मागून, घुमटाच्या त्या उघड्या फटीतून, हळू आवाज आला.

"आबा... तांब्या हितंच ऱ्हायला..."

मागं बघितलं नाही. उताराची वाट, पाय आपोआप पडत होते. धुरात शिरलो तसा बॅटरीचा उजेड समोर भिंतीसारखा उभा राहायला लागला. दोन्ही बाजूला ऊस. पान हललं की मला कुणी श्वास घेतल्यासारखं वाटायचं. मी हाका मारत होतो, लीला, लीला, आणि माझाच आवाज उसातून जरा उशिरा परत यायचा.

वळणावर ट्रॅक्टर भेटला. वाडीतला ज्ञानू, कारखान्यावर ऊस घालून रिकामी ट्रॉली घेऊन परतत होता. मला बघून त्यानं गाडी थांबवली.

"काय ओ आबा, भूत बघितल्यागत पळताय?"

"बघितलंय. गाडी वळीव."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि गाडी वळवायला घेतली. मी चढलो. वाटेवरच्या सगळ्या वाकड्या जागा मला माहीत होत्या, पण ओढ्यावरच्या मोरीपाशीच थांबायचं हे मी आधीच ठरवलं होतं. कारण तो वास. ट्रॅक्टरच्या उजेडात मोरीच्या कडेची ओली माती खरवडलेली दिसली आणि एक चप्पल.

खाली ओढ्यात स्कूटी आडवी पडली होती. लीलाचा एक पाय तिच्याखाली, दोन धोंड्यांच्या मधे, अडकला होता. अंग गळ्यापर्यंत पाण्यात. पण तोंड वर होतं. डोकं काठाच्या चिखलावर अलगद टेकलेलं, कुणी उशी दिल्यासारखं. डोळे मिटलेले. ज्ञानू पाण्यात उतरला, मीही उतरलो. त्यानं स्कूटी उचलून धरली, मी तिचा पाय सोडवला. मग मी तिच्या नाकाशी हात नेला. त्या वेळी मी काय काय बोललो देवाला, ते सांगता येणार नाही.

माझ्या तळहाताला श्वास लागला. ऊन श्वास. थोडका, पण ऊन.

मी तिथंच चिखलात बसलो आणि रडलो. ज्ञानू म्हणाला, "आबा, रडायचं ते ट्रॉलीत बसून रडा की, आधी पोरीला हलवूया." बरोबरच होतं त्याचं. ट्रॉलीत पाचटावर तिला निजवली, ज्ञानूचं घोंगडं घातलं, आणि कोडोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. विभूतीचा वास येत होता. ओल्या कपड्यातून, चिखलातून, पण येत होता. मी तो हुंगत बसलो होतो, लहान पोर आईच्या पदराला हुंगतं तसा.

डॉक्टर म्हणाले, पाय मोडलाय, बाकी काही नाही, पण नशीब मोठं. बेशुद्ध माणसाचं डोकं जरा कलंडलं असतं तर गुडघाभर पाणीसुद्धा पुरलं असतं.

सकाळी तिची आई आली, गंगव्वा. आधी रडल्या, मग कानडीत आणि मराठीत मिळून स्कूटीचा उद्धार केला, मग लीलाचा, मग शेवटी आभाळातल्या सगळ्या ताऱ्यांचा. लीला पलंगावरून म्हणाली, "अव्वा, ताऱ्यांनी काय केलंय?" गंगव्वा म्हणाल्या, "मेलेत न्हवं? मेल्यालं काय बघायचं? जित्या पोराकडं बघायचं सोडून." आणि मग माझे दोन्ही हात धरून, "तुमी नसता तर माझी मगळू..." मगळू म्हणजे मुलगी. त्यांनी डोळे पुसले आणि गाठोडं सोडलं. आणलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही सगळ्यांनी तिथंच खाल्ली. लीला चटणी खाऊन म्हणाली, मीठ कसं असतंय ते बघा, आबा. मी हसलो. किती तासांनी हसलो.

उजेडात माळावर परत गेलो. जायलाच हवं होतं, झाकण उघडं होतं. आत काही नव्हतं. शिडी कोरडी, फरशी कोरडी, घुमटात दंव पडलेलं. दुर्बीण वरच्या एका कोपऱ्याकडं तोंड करून थांबली होती. दोन दिवसांनी सर आले, कॉम्प्युटर बघून खूश झाले. त्या ताऱ्याच्या धगीचं चांगलं चित्र निघालं होतं, एक बारका ठिपका. सरांचं म्हणणं, लीलानं आदल्या दिवशी यंत्र आपोआप चालायला लावून ठेवलं असेल. लीलाला आठवत नव्हतं. डोक्याला मार लागला की असं होतं, म्हणाले. मी मान हलवली. सरांना मी कशाला सांगू? आणि खरं सांगतो, मला त्याचं काही पडलंही नव्हतं. पोरगी वाचली होती. वर जे कोणी बसलं होतं, ते तिचं वाईट चिंतणारं होतं का मला तिच्याकडं धाडायलाच आलं होतं, हे मी किती दिवस उलटून पालटून बघितलं. शेवटी दुसरं खरं मानलं आणि शांत झोपायला लागलो.

लीलाचा पाय बरा झाला. पुढच्या वर्षी तिला बेंगळुराकडं नोकरी लागली. आता तिचं सगळं छान आहे. लग्न झालं, एक मुलगी आहे, मुलगीही आईसारखीच बडबडी. दिवाळीला फोन येतो. पण ती निघाली त्या दिवशीचं तेवढं सांगायचं राहिलंय.

मी तिला कोडोलीच्या एसटी स्टँडवर पोचवायला गेलतो. भर दुपारची वेळ, माणसांची वर्दळ, शेंगावाल्याची आरोळी. त्या दिवशी ती गप्प गप्प होती. गाडी लागली तरी चढेना. मग म्हणाली, "आबा, एक इचारू? तुमी त्या दिवशी ट्रॅक्टर आणायला मला एकटीला सोडून का गेलतासा?"

मला समजेना. मी म्हणालो, "बाळ, मी ट्रॅक्टरवरनंच आलो की. त्याआधी मी वर होतो."

"न्हाई आबा. मी पडलो तवापास्नं तुमी माझ्याजवळ हुतासा. माझं डोस्कं मांडीवर घिऊन. पान्यातच बसलेलासा. मी झोपायला लागलो की गालावर हळूच मारायचासा."

मी तिच्याकडं बघत राहिलो. अंगावर काटा आला, पण वाईट वाटलं नाही. उलट कुठंतरी बरंच वाटलं, की कुणी का असेना, तिला एकटीला पडू दिलं नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग ट्रॅक्टरचा उजेड आला. तसं तुमी माझं डोस्कं चिखलावर टेकवलासा, उठलासा आनि उसात जायला लागलासा. मी म्हणालो, आबा, कुठं निघालासा?" ती थांबली. कंडक्टरनं घंटी मारली. "तर म्हणालासा... मला हितं थांबता येत न्हाई. माझा सांगावा अजून वाटंत हाय."

मग मीच तिची पिशवी गाडीत ठेवली आणि म्हणालो, "वाटंत असंल तर असू दे की. लई लांबनं येत असंल."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून माझ्याकडं बघत होती. तांबड्या दिव्यात बसून घुमटाच्या फटीतून मेलेल्या ताऱ्याकडं बघायची ना, अगदी तशी.